घरधन्याचं नाव

४ नोव्हेंबर १९३४, अमरावती
आलो बुवा एकदाचा! राजापेठेत माणिकबाईंकडे खोली मिळाली. त्यांची फुलांची वाडी आहे, अंगणभर शेवंतीचा वास. म्युनिसिपालिटीचं काम सोपं: घरोघर जायचं, घरधन्याचं नाव नोंदवायचं, चौकटीवर डांबरानं नंबर टाकायचा. लवकरच सत्यवती अकोल्याहून येईल. लग्नानंतर पहिल्यांदाच आमचा दोघांचा संसार! शेगडी आत्ताच घेऊन ठेवली.

७ नोव्हेंबर
या बायका नवऱ्याचं नाव घेतील तर शपथ! म्हणे आयुष्य घटतं. माझी सत्यवती तरी कुठे घेते म्हणा. मग मीच नावं सुचवतो, त्या मान हलवतात. आज गल्लीच्या टोकाच्या घरात ठसठशीत कुंकू लावलेली बाई दारात आली. घरधनी कोण विचारलं तर पदर तोंडाला. चंद्रभान? नाही. शालिकराम? नाही. ऊन डोक्यावर, वैतागून म्हटलं, मग काय जानराव लिहू? अशी लाजली म्हणता! हाव जी, म्हणाली. घ्या, निघाला की माझ्याच नावाचा! लिहिलं, नंबर टाकला आणि पुढे गेलो.

९ नोव्हेंबर
माणिकबाईंना ही गंमत सांगितली तर त्यांच्या हातातला हार तसाच राहिला. म्हणाल्या, ते घर तं कईचं बंद हाये. नवरा लगीन लागल्याबरोबर निघून गेला, त्याची वाट पाह्यता पाह्यता मेली ते बाई. तुमी आपलं नाव काहून देल्लं जी? मी हसलो खरा. पण ताट सारून उठलो.

१२ नोव्हेंबर
कामावरून घरी आलो, हातपाय धुतले, जेवलो. मग वर पाहिलं तर चौकटीवर मीच टाकलेला तो नंबर! मी त्या बंद घरात जेवलो होतो! चप्पल तिथंच टाकून पळालो. वहीतलं नाव खोडलं, डांबर खरवडलं. माणिकबाई म्हणतात, दारात देल्लेलं नाव दारातूनच सुटते. तुमच्या घरच्या बाईनं उंबऱ्याबाहेरून नावानं हाक मारली पायजे. सत्यवतीला तार केली, असशील तशी निघ.

१४ नोव्हेंबर
पाय पुन्हा त्याच घरात घेऊन आले. दार आतून उघडत नाही. रोजनिशी तेवढी खिशात होती — ताट वाढलेलं. ती कुंकवाची बाई पाठ फिरवून बसते. मला ‘अहो’ म्हणते —

१५
घसा फुटेस्तोवर ओरडलो. रस्त्यानं माणसं जातात, कोणी वळून बघत नाही. भीती वाटते. फार —

सत्यवती आली! फटीतून दिसते. सोबत माणिकबाई. त्या सांगताहेत, घे ना माय नाव, लाजू नको — ती रडते. म्हणते, यांचं आयुष्य घटलं तर —

अगं घे. एकदाच. मी आत आहे गं —

अहो, म्हणाली. नुसतं अहो —

मागे बांगड्या वाजल्या. आतली उठली. जवळ येते. माझं आयुष्य घटण्याची तिला कसली भीती — लाजत नाही आता — कानाशी — माझं नाव घेते —