घरचे हात

प्रिय विओरिका,

काल कुरणावर दुधाची मापणी झाली. मेंढ्या ठेवायच्या की विकून टाकायच्या, यावरून तुझे बाबा नि मी हिवाळाभर भांडलो आणि शेवटी मापणीनंतर ठरवू म्हणून गप्प बसलो. म्हणजे काल तो निकालाचाच दिवस होता.

पूर्वी मापणीला पाय ठेवायला जागा नसायची. ज्याच्या त्याच्या घरच्यांनीच आपल्या मेंढ्यांच्या धारा काढायच्या आणि जेवढं दूध भरेल त्या मानाने उन्हाळाभरचं चीज वाट्याला. काल नुसती म्हातारी मंडळी. पोरं तुझ्यासारखी स्पेनला स्ट्रॉबेरी खुडताहेत, नाहीतर जर्मनीत भिंती रंगवताहेत. देश युरोपियन युनियनमध्ये गेला त्या रात्री अख्खं गाव नाचलं होतं, मीसुद्धा. अजूनही मी युनियनला नावं ठेवत नाही. रस्ता झाला, मेंढीमागे अनुदान येतं. पण तिच्या नियमांमुळे लाकडी डब्यातलं चीज आता बाजारात चालत नाही. फरशीची खोली हवी, स्टीलची भांडी हवीत. ते सगळं उभं करायचं कोणी? करणारी माणसं त्याच नव्या रस्त्याने निघून गेली.

निम्म्या मेंढ्यांच्या धारा काढून झाल्या आणि माझी बोटं आखडली, मूठच वळेना. शेजारची मारिका मदतीला उठली, तर मुख्य मेंढपाळ तोआदेर तुझ्या बाबांना म्हणाला, "परका हात नको. घरचं कोणी नसेल तर विकून मोकळा हो, गाव्रिला." त्यावर तुझे बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "घरचं आहे की. माझी विओरिका येतेय, कायमची." लोकांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. मला रागसुद्धा आला नाही गं. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

घरातून फोन केला तर ते ऐकतात, म्हणून हे पत्र स्पेनला जाणाऱ्या बसवाल्याकडे देते आहे. रविवारी बाबा तुला फोन करतील, कदाचित रडतीलही. तू सरळ नाही म्हण. नुसतं 'बघते' म्हणालीस तरी ते वर्षभर फाटकाकडे डोळे लावून बसतील. तुझ्या मुलीची शाळा तिथे आहे, तिचं सगळं तिथेच आहे. मेंढ्या विकू, ते माझ्यावर चिडतील, ते मी निभावून नेईन. फक्त एक लक्षात ठेव. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, तर माझ्या तोंडून 'ये' असंच निघेल. माझं ऐकू नकोस.

तुझीच,
आई