रोजची तपासणी

४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

आपल्या भिंगरीने शुक्रवारच्या धावण्याच्या शर्यतीत नाव दिलंय. दमा असलेली मुलगी, आणि शर्यत! शाळेने यंदा अशा मुलांचे दम्याच्या औषधाचे पंप वर्गातच ठेवलेत, दम लागला तर काय करायचं ते बाईंना शिकवलंय, भिंतीवर तक्ताही लावलाय. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. शिवणकारखान्यात जाताना रोज वर्गात शिरते, तिचा पंप तीनदा हवेत दाबून बघते. फुस्स आवाज आला की मगच मशीनवर हात चालतो. बाई म्हणतात, रोज कशाला? ज्याचं जळतं त्यालाच कळतं! तू तिकडच्या शाळेत नर्स, तूच सांग, धावू देऊ का?

लोभ असावा, राग नसावा.
तुझी धाकटी

७ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, खुशाल धावू दे. पण त्या पंपात दोनशेच दाब असतात! तू रोजचे तीन हवेला पाजलेस. शाळा सुरू होऊन पासष्ट दिवस तरी झाले, म्हणजे काय उरलं? औषध संपलं तरी फुस्स होतच राहतं, बाई. पत्र हातात पडताच पायात चपला घाल आणि नवा पंप देऊन ये. तोवर मला इथे चैन नाही.

लगेच कळव.
तुझी ताई

१२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. शर्यत शुक्रवारीच झाली.

अर्ध्या मैदानात भिंगरीला धाप लागली. बाईंनी तिचा पंप दाबला, आवाज आला, पण दम काही कमी होईना. मी धावत तिच्यापाशी गेले. बाईंनी शाळेचा राखीव पंप आणला, तक्त्यात लिहिल्याप्रमाणे दिला, आणि पंधरा मिनिटांत ती बोलायला लागली. नंतर डॉक्टरांनाही दाखवलं. मी मात्र सगळ्यांदेखत बाईंना वाट्टेल ते बोलले, पोरीचा पंप सांभाळता येत नाही म्हणाले. तुझं पत्र वाचलं आणि कुठे तोंड लपवू असं झालं.

आज नवा पंप दिला, माफी मागितली. बाईंनी हसून एक वही दाखवली. यापुढे प्रत्येक दाब त्यात लिहायचा.

आता रोज मी फाटकाशीच थांबणार. आज मी फाटकाशी परतले तोच भिंगरी वर्गाच्या दारातून पळत आली, माझ्यासमोर उभी राहून छाती भरून श्वास घेतला, सोडला, आणि विचारलं, आई, झाली ना तपासणी, आता जाऊ?

असाच कान धरत राहा.
तुझी धाकटी