हॅगल आणि मागून येणारी हाक

३ मार्च
जुनी डिक्शनरी : सांगितले चारशे, दिले साडेतीनशे. फायदा पन्नास. त्याच दुकानात विसरलेली छत्री : साडेचारशे. पण छत्री यात धरायची नाही. विसरणं हा निष्काळजीपणा, भाव पाडणं ही कला.
वर्षभराने बाजारात गेलो, तरी नेहमीप्रमाणे पाठ फिरवून चार पावलं चाललो. हाक आली नाही. म्हातारा दुकानदार बहिरा झालाय. मीच परत गेलो, उपकार म्हणून.
चाळीस वर्षांत मी पाठ फिरवली आणि मागून हाक आली नाही, असं एकदाही झालेलं नाही. आजचं सोडून.

४ मार्च, सकाळी
डिक्शनरीचं कारण लेकीचा मेसेज. ‘बाबा प्लीज, डोन्ट हॅगल विथ मी.’ इंग्रजी शाळेत मीच घातली होती, भोगा.
प्रकरण एवढंच : वीस तारखेला हिला, लेकीच्या आईला, जाऊन वर्ष होईल. लेक म्हणाली, चार दिवस येते. मी म्हटलं, पंधरा. पंधरा कुणाला हवेत? आठवर जमावं म्हणून पंधरा. इतकं साधं गणित शिकलेल्या माणसांना कळत नाही.
हॅगल म्हणजे घासाघीस. म्हणजे कौतुकच की! खाली बारीक अक्षरांत जुना अर्थ : बोथट हत्याराने वेडंवाकडं तोडणं. मूळ म्हणे उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेत, घाव घालणं. असल्या आडदांडांना धंदा काय कळणार.

७ मार्च
लेक पाचवर आली! बोलताना आवाज किंचित हलला. माझे कान तिखट. जुनी कपाटं विकून वर आलो ते या कानांवर. आवाज हलला म्हणजे अजून जागा आहे. मी म्हटलं, दहा. तिने विचारलं, बाबा, मी काय सेकंडहँड कपाट आहे का? मला हसू आलं. तिला नाही आलं.

९ मार्च
शेवटचा डाव टाकला. पाचच दिवस असतील तर येऊच नकोस, म्हणालो आणि फोन ठेवून दिला. उद्यापर्यंत हाक येतेच.
तिची खोली झाडून घेतली. उशीला धुतलेला अभ्रा घातला. आणखी एक बदलायला काढून ठेवला, आठ दिवसांच्या हिशेबाने.

११ मार्च
फोन नाही. चार्जर बदलला.

१५ मार्च
मेसेज. ‘ठीक आहे बाबा. रजा रद्द केली. काळजी घ्या.’
हाही डावच. माझीच मुलगी ती. आता जो आधी फोन करेल त्याचा भाव पडला. आपण करायचा नाही.

१९ मार्च
चार दिवस चालले असते. दोनसुद्धा. हे फक्त इथे.
फोन दोनदा हातात घेतला.

२० मार्च
आली नाही.
घरात बसवेना, म्हणून छत्री आणायला गेलो. म्हाताऱ्याने जपून ठेवली होती. बाई बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत, म्हणाला. सांगितलं त्याला. बराच वेळ छत्रीची मूठ पुसत राहिला. मग म्हणाला, मुलीची पुस्तकं घ्यायला यायचात तेव्हा तुम्ही तरातरा निघालात की बाई मागे रेंगाळायच्या. हळूच म्हणायच्या, मारा त्यांना हाक, वरचे मी देते. इथेच नाही, शेजारच्या भांड्यांच्या दुकानातसुद्धा.
अगदी हळू आवाजात विचारलं, नेहमी? लगेच म्हणाला, नेहमी.
म्हाताऱ्याचे कान ठणठणीत आहेत.