हृदय तोलणारा कोल्हा

४ मार्च, सोमवार

आधी घरच्यांची विचारपूस, मग बाकीचं. ही कशी आहे? — जिना चढली की मध्येच कठडा धरून उभी राहते. विचारलं तर म्हणते, "धूळ बघतेय." तपासण्या झाल्या, निकाल यायचाय. हिची थोरली बहीण, आमच्या अक्का? — गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत. लेक? — ऑफिसातून येते ती चेहरा तिथंच विसरून. आणि मी? मला काय धाड भरलीय!

आता खरी बातमी. कोल्हा मिळाला!

टिकटिक आणि मी आज चष्मेवाल्याकडे गेलो होतो. टिकटिक म्हणजे माझा घड्याळं दुरुस्त करणारा मित्र, नाव त्याचं त्यालाही आठवत नसेल. आणि चष्मेवाला चष्मे विकत नाही, नुसता घालतो. विकतो जुनी नाणी, पदकं आणि आमच्या त्या चांदीच्या चकत्या, इजिप्तचे देव-प्राणी कोरलेल्या. कोटाच्या बटणाएवढ्या असतात. त्यांना नाणी म्हटलं की तो चिडतो — "काका, यांनी काडेपेटीसुद्धा येणार नाही. हौस आहे ही नुसती!" असो. हौसेला मोल नाही.

माझ्याकडे मांजर आहे, ससाणा आहे, शेणकिडा आहे. (शेणातला किडा चांदीत जाऊन बसला, आणि आम्ही आहोत तिथंच!) कोल्हा काही सापडत नव्हता. आज एकच आला. कोल्ह्याच्या तोंडाचा देव, हातात तराजू, एका पारड्यात पीस, दुसऱ्यात माणसाचं हृदय. टिकटिकनं डोळ्याला भिंग लावून कडा तपासल्या, लोहचुंबक फिरवलं, काचेवर हलकेच वाजवून कान दिला. "अस्सल आहे." त्यालाही हवा होता, मला दिसत होतं. पण म्हणाला, "घे तू. मला द्राक्षं आंबट."

माझी शाळा म्हणजे छापखान्यातले वाया गेलेले फर्मे, सोळा-सोळा पानांचे छापील ताव. बाइंडिंगला होतो, फाटके फर्मे घरी आणून वाचायचो. इजिप्तची सोळाच पानं हाती लागली. हा देव हृदय तोलतो इथवर ठाऊक आहे. पुढं काय करतो ते पुढच्या फर्म्यात!

७ मार्च

निकाल आला. हिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. छाती उघडून बदलावी लागेल. वीस तारीख.

डॉक्टर बोलत होते आणि मी त्यांच्या खिशाला लावलेल्या पेनाकडे बघत होतो. हीच म्हणाली, "म्हणजे दाराची कडी बसत नाही तसं ना? मग सुतार चांगला बघा."

८ मार्च

काही सुचत नाही.

१० मार्च

अक्कांनी कोल्हा पाहिला. मी पुसत बसलो होतो, मागून आल्या. "काय हो हे कुत्रं?"

कोल्हा आहे म्हटलं. मेलेल्यांचा राखणदार. — हात दाखवून अवलक्षण! हातातला कप तसाच धरून त्या बसल्या. "आणि पारड्यात काय आहे?" खोटं बोलायला हवं होतं. बोललो नाही.

"भाऊजी, हिचं काळीज उघडायचंय, आणि तुम्ही काळीज तोलणाऱ्याला घरात आणून बसवलात? कधी आणलात?" सोमवारी. "आणि निकाल गुरुवारी! अजून काय पाहिजे?"

म्हटलं, अक्का, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. झडप काय सोमवारी बिघडली? त्या म्हणाल्या, "फांदी तुमची नाही ना, माझ्या बहिणीची आहे."

१२ मार्च

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. हे लिहून ठेवतो.

१३ मार्च

चष्मेवाल्याकडे जाऊन आलो. परत घेतोस का म्हटलं. "का हो? वाजवून घेतलात की!" कारण सांगायची लाज वाटली, तरी सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "विकलेला मी परत घेत नाही. त्यातून हे असं सांगितल्यावर तर नाहीच."

येताना पुलावर थांबलो. वरून टाकायचा, एवढंच! मूठ उघडेना. इतके दिवस शोधलेली वस्तू. आणि ही घरी चार पावलं चालून बसते. तरीही मूठ उघडेना — माणूस आहे का दगड मी?

१५ मार्च

कोल्हा टिकटिकला दिला.

म्हटलं, मला दुसरीकडे याचा जुळा मिळाला, हा तू ठेव. त्यानं भिंग लावलं. बराच वेळ त्या एवढ्याशा चकतीकडे पाहत राहिला. मग भिंग न काढताच माझ्याकडे पाहिलं — एक डोळा हा एवढा मोठा! "खरंच जुळा मिळाला?"

"मिळाला."

"मग दे." शर्टाच्या खिशात टाकला, वरून थोपटला. माझ्या आवडीचा चहा मागवला.

घरी येऊन पोटभर जेवलो. अक्कांना सांगितलं, गेला कोल्हा. त्यांचाही जीव भांड्यात पडला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून आडवा झालो, आणि तेव्हा डोक्यात आलं — विश्वास नाही, तर दिला कशाला? आणि विश्वास आहे, तर त्याला दिला?

१६ मार्च

टिकटिकचं दुकान उघडं आहे. लांबूनच पाहून आलो.

१७ मार्च

उघडं आहे. शिंकला. सर्दी असेल.

१९ मार्च

हिला दाखल केलं. पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "पंचवीस वेळा दुकानाकडे काय जाताय? टिकटिकला उधार दिलंय का?" चोराच्या मनात चांदणं! हवा खायला जातो म्हटलं. "मग हवा जरा इथंही सोडा," म्हणाली. आणि माझा हात घट्ट धरला. घाबरलीय. मला दाखवत नाही. मीही दाखवत नाही. छान जोडी!

२० मार्च

लाल दिवा. बाकडं. लेक फोन हातात धरून, फोन बंद. अक्का भिंतीकडे तोंड करून.

टिकटिक आला. दुकान बंद करून आला! शेजारी बसला. त्याचा हात सगळा वेळ शर्टाच्या खिशावर. मला ते बघवेना, आणि दुसरीकडे बघताही येईना.

दार उघडलं. डॉक्टर मास्क खाली ओढत म्हणाले, "झालं व्यवस्थित." मी उठायला गेलो. टिकटिकनं बगलेत हात घालून उभं केलं.

२२ मार्च

शुद्धीवर आली. ओठ ओले केले तर म्हणाली, "दाढी करा आधी."

२३ मार्च

आज धीर करून टिकटिककडे गेलो. सगळं ओकून टाकायचं, कोल्हा परत आणायचा. दुकानात शिरलो आणि थबकलो. भिंतीवरचे खिळे रिकामे. एकही घड्याळ नाही. इतकी वर्षं तिथं टिकटिकीत बोलावं लागायचं, आज माझाच श्वास ऐकू येत होता.

म्हटलं, मी खोटं बोललो रे. जुळा वगैरे काही नाही.

"माहीत आहे. चष्मेवाला त्याच संध्याकाळी सांगून गेला, तू परत करायला गेला होतास म्हणून. का तेही."

"मग घेतलास कशाला?"

"तुझा विश्वास नाही. माझा आहे. असली वस्तू नुसती कुठंतरी फेकून चालत नाही, समजून उमजून कुणीतरी घ्यावा लागतो." अगदी साध्या आवाजात म्हणाला, जणू घड्याळाला चावी कशी द्यायची ते सांगतोय.

"आणि ही घड्याळं?"

"ज्याची त्याला पोचती केली. म्हटलं, कोल्हा आलाय मुक्कामाला, लोकांची वेळ आपल्याकडे अडकून नको!" आणि हसत सुटला. मला हसू येईना. हात पुढे केला, दे म्हटलं. त्यानं खिशावर हात ठेवला. "वहिनी घरी येऊ दे. मग बघू."

२८ मार्च

ही घरी आली! जिना खुर्चीत बसवून चढवली. कठड्याकडे पाहून म्हणाली, "धूळ आहे खरीच." उद्या सकाळी टिकटिककडून कोल्हा आणतो. हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "आणा. माझं तोलून झालंय, आता काय करणार तो?"

२९ मार्च

दुकानाला कुलूप. त्याच्या घरी गेलो. सून म्हणाली, "बाबा पहाटेच्या गाडीनं थोरल्या भावोजींकडे गेले. तिथं मोठं इस्पितळ आहे ना. फेब्रुवारीतच कळलं होतं, काका, फुप्फुसाचं. आम्ही तेव्हाच चला म्हणत होतो. म्हणाले, लोकांची घड्याळं संपू दे, वहिनी घरी येऊ दे." कोल्हा? "तो खिशातच होता त्यांच्या."

टिकटिक, पोचलास की लवकर कळव रे. दोन ओळी पुरेत.