जिन्यातली बावीस मिनिटं

४ जून

ती. दादास धाकटीचा सा. न. वि. वि.

आमच्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू असतो. काल एका आजोबांना भिंगं बदलून बदलून मी फळ्यावरची अक्षरं वाचायला लावत होते, तेवढ्यात तुझं नवं गाणं लागलं. चाल छानच आहे. पण दुसऱ्या ओळीला माझ्या हातातलं भिंग पडलं. 'किल्ली मुठीत असून मी जिन्यात बसते, वीस मिनिटं मी कोणाचीच नसते.' दादा, हे माझं वाक्य आहे. मार्चच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की दुकानातून आल्यावर लगेच घरात शिरायचं जिवावर येतं, म्हणून मी तिसऱ्या मजल्यावर जिन्यात बसते, आणि हे तुझ्या मेव्हण्यांनाही ठाऊक नाही. पत्र फाडून टाक, असंही लिहिलं होतं. फाडलंस का?

योगायोग म्हणू नकोस. तू जहाजावर अकॉर्डियन वाजवलंस, नृत्यशाळेत पियानो बडवलास, साबणाच्या जाहिराती गायलास, मुलांच्या नाटकांना चाली दिल्यास, वर दोन कवितासंग्रह काढलेस. यात तू जिन्यात कधी बसलास ते मला तरी आठवत नाही. पेपरात आलंय की या कवीला बाईचं मन कसं कळलं कोण जाणे. मला कळतंय बरं, कसं कळलं ते.

तुझे मेव्हणे घड्याळं दुरुस्त करताना हेच गाणं गुणगुणतात. डोळ्याला भिंग, मान खाली, त्यामुळे चेहरा वाचता येत नाही. सहज गुणगुणतात की मला ऐकवतात? आमच्यात आधीच बोलणं बेताचं. त्यांना हे कळलं तर उरलंसुरलंही संपेल, याची मला फार भीती वाटते.

लोभ आहेच, तो ठेवायचा की आवरायचा ते तुझ्या उत्तरावर.

धाकटी

११ जून

चि. धाकटीस दादाचे अ. उ. आ.

मला आधी चाल सुचते, शब्द मागून. तोवर चाल उभी राहायला काहीतरी बोल लागतात, त्याला आम्ही भरताड म्हणतो. पियानोवर जे पडलेलं असेल ते मी भरतो. साबणाचं गाणं मी आधी खोकल्याच्या बाटलीवरच्या 'जेवणानंतर दोन चमचे' यावर बसवलं होतं. या वेळी तिथे तुझं पत्र होतं. गायिकेला भरताडासकट चाल शिकवली आणि खरे शब्द लिहायला बसलो. आठवडाभर बसलो. तिने ते गाऊन पाहिले आणि म्हणाली, आधीचेच बरे होते. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. मी तेच राहू दिले. चुकलंच.

पण एवढ्या एका ओळीवरून मला चोर ठरवू नकोस. जिने काय सगळीकडेच असतात, मेव्हण्यांना कशाला कळेल? तू उगाच साप साप म्हणून भुई धोपटते आहेस. पत्र मात्र नेहमीसारखं सविस्तर लिही, चांगलं चार पानी. त्याशिवाय मला करमत नाही.

चुकलेला, पण तुझाच,
दादा

१९ जून

ती. दादास सा. न.

एवढी एक ओळ म्हणालास, म्हणून तुझे दोन्ही संग्रह काढून लाल पेन्सिल घेऊन बसले. सतरा ओळी निघाल्या. आईच्या दुखण्यात मी तुला लिहिलं होतं की औषधाचा वास आता घरातल्या माणसासारखा वाटतो. ते पहिल्या संग्रहात पान बारावर आहे. तेव्हा ती कविता वाचून मी रडले होते, भावाला माझं दुःख किती कळतं म्हणून. ते माझंच होतं.

मनात एकदा पाल चुकचुकली की तुझी जुनी पत्रंसुद्धा वेगळी दिसायला लागतात. 'सविस्तर लिही', 'मग ती काय म्हणाली', 'तेव्हा तुला नेमकं कसं वाटलं'. दादा, खरं सांग, तू खुशाली विचारतोस की माल मागवतोस? कुंपणानेच शेत खाल्लं तर मी मन मोकळं करायचं कोणाकडे? यापुढे माझी पत्रं अशी येतील: प्रकृती ठीक, हवा ठीक. बांध यावर चाल.

सध्या तरी तुझी,
धाकटी

२२ जून

ती. दादांना सा. नमस्कार.

तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, चूकभूल सांभाळून घ्या. तुमचं गाणं ऐकलं. जिन्यात बसणारी कोण ते मला माहीत आहे. फक्त ती वीस मिनिटं नाहीत, बावीस असतात. मी घड्याळजी माणूस, दाराच्या आत बसून रोज मोजतो. पावलं तिसऱ्या मजल्यावर येतात आणि थांबतात. आधी वाटलं, कोणाशी तरी बोलत असेल. संशय वाईट, म्हणून एकदा दार किलकिलं करून पाहिलं. एकटीच होती. कोणी असतं तर निदान भांडलो असतो.

ती काही बोलेल म्हणून मी गाणं तिच्यासमोर मुद्दाम गुणगुणतो. ती माझ्याकडे नुसती रोखून बघते. तुम्हाला ती सगळं लिहिते. तेव्हा एवढंच कळवा, तिला घर नकोसं झालंय की मी? खरं असेल ते लिहा, यमक जुळवू नका.

आपला,
मेव्हणा

३० जून

ती. दादास धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं उत्तर त्यांनी मला दाखवलं. 'मेव्हणे, मला विचारू नका, दार उघडा.' ना चाल, ना यमक. तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं लिखाण, आणि त्यात माझा एकही शब्द नाही. तरी संशय गेला असं समजू नकोस. पाठवण्याआधी एकदा पियानोवर वाजवून पाहिलंच असशील.

त्यांनी काल दार उघडलं. मी दचकून उठायला लागले, तर बस म्हणाले आणि स्वतः माझ्या वरच्या पायरीवर बसले. मी इथे बसते हे कधीपासून ठाऊक आहे, असं मी विचारलं. दोन वर्षांपासून, म्हणाले. मला आधी रागच आला. दोन वर्षं हे दाराआड मोजत बसले आणि मी दाराबाहेर लपून, असे आम्ही दोघे शहाणे. मग मी बॅग मांडीवरून खाली ठेवली.

त्यानंतर ते बराच वेळ बोलले आणि मीही बोलले. काय बोललो ते, दादा, तुला मी कधीच लिहिणार नाही.

तुझी,
धाकटी