दादाची गाडी आणि प्लगच्या वायरी

२ फेब्रु., सोमवार
परत तेच. शेडमधून काढली, रहिमतपुरातच एक चक्कर मारली आणि गरम झाल्यावर अडखळायला लागली. बॉनेट उघडलं तर तिसऱ्या प्लगची वायर धुराच्या लोखंडी नळीला टेकलेली, रबरी टोपी कडक होऊन तडकलेली. दिवाळीतच बदलली होती. गुडघे बोलतायत. दादा जाऊन दोन वर्षं झाली, पण त्याची ही दोन सीटची उघडी गाडी काही मला सोडत नाही. लोक स्पोर्ट्स कार म्हणतात. मी म्हणतो पोसलेलं दुखणं.

५ फेब्रु., गुरुवार
अश्विनी शिरवळहून आली. दादाची एकुलती एक मुलगी. कारखान्यात नोकरी, डोळ्यांखाली काळं. २२ला लग्न, कवठे महांकाळला, नवऱ्याच्या गावी. म्हणाली, "काका, वरात पप्पांच्या गाडीतनं काढायची. मी तिकडं सांगितलंय." विचारलं नाही, सांगितलंच.
"अगं, मध्येच बंद पडली म्हणजे?"
"पप्पा असते तर असं म्हणाले असते?"
वहिनी दारातून माझ्याकडंच बघत होत्या. म्हणजे मायलेकींचं आधीच ठरलेलं.

८ फेब्रु., रविवार
नव्या वायरी आल्या. बरोबर काचेच्या धाग्याच्या विणलेल्या नळ्या, उष्णता अडवायला वायरींवर चढवायच्या. चढवताना हाताला ही खाज. या गाडीत प्लग आणि धुराच्या नळ्या एकाच बाजूला. बनवणाऱ्याने कसला विचार केला कोण जाणे. ॲल्युमिनियमचा पत्रा कापून मध्ये आडोसा केला, दोन्हीकडं बोटभर हवा सोडून. मग सगळ्या वायरी एकत्र घट्ट बांधल्या. फौजेत वर्कशॉपला उभी नोकरी हेच केलं, लोंबतं काही दिसता कामा नये. दिसायला झकास.

९ फेब्रु., सोमवार
झकास कसलं. आता थंड असतानाही अडखळते. दिवसभर डोकं खाल्लं तिनं. चहा चार. शेवटी उजेड पडला: वायरी अंगाला अंग लावून बांधल्या की एकीतली वीज शेजारणीत उतरते आणि नको त्या वेळी नको त्या प्लगला ठिणगी. बांध सोडले, प्रत्येकीला वेगळी वाट दिली. लगेच सुरळीत. फौजी शिस्त नडली. एकत्र कुटुंब सगळ्यांनाच मानवतं असं नाही.

१५ फेब्रु., रविवार
कोरेगावपर्यंत जाऊन आलो. छान पळाली, एकदाही चुकली नाही. पळत्या गाडीत वारा आत येतो, वायरी थंड राहतात. वहिनी शेजारी बसल्या होत्या, दादा गेल्यापासून पहिल्यांदा. पदर दोन्ही हातांनी धरून. येताना म्हणाल्या, "भावजी, लगीन झालं की ही अश्वीलाच दिऊन टाकूया. तुमचं बी वझं कमी हुईल."
हो म्हणालो. मनापासून. रिकामी शेड डोळ्यांपुढं आली आणि बरं वाटलं.

१८ फेब्रु., बुधवार
नवऱ्या मुलाचे चुलते, बापू, त्यांचा फोन. वरातीचा रस्ता सांगत होते. वेशीपासून मारुती, मारुतीपासून घर, पुढं बँजोवाले वाजवत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. वरात म्हणजे चालत. या गाडीला चालता येत नाही. म्हटलं, नाचणारी मंडळी पुढं जाऊ द्या, मी मागून झटकन आणतो.
"आवं पाव्हणं, वरात म्हंजी काय मुक्कामाची यष्टी हाय व्हय पळवायला? बँजो चालंल तसं चालायचं."
त्यांचंही खरंच.
दुपारी बैलगाडीच्या चालीनं नगरपालिकेपर्यंत नेली. पत्रा, नळ्या, सगळं असूनही टोप्यांना हात लावला तर चटका. थोडा वेळ तग धरेल, वरातभर नाही. अश्विनीला फोन केला, दुसरी गाडी ठरवू म्हटलं. नुसतं "बरं" म्हणाली. वाद घातला असता तर परवडलं असतं. जेवण गेलं नाही. संध्याकाळी मीच परत फोन केला, आणतो म्हणून.

२३ फेब्रु., सोमवार
काल लिहायचं त्राण नव्हतं. अंग अजून ठणकतंय.
जाताना गाडी एकदम मजेत. लग्न लागलं. मी पंगतीत बसलो, तेवढ्यात तिकडच्या मंडळींनी गाडी सजवली. पुढच्या जाळीवर झेंडू, बॉनेटच्या फटींवर झेंडू. एक जण कौतुकानं म्हणाला, "कुठं बी लोखंड दिसंना बगा." म्हणजे होता नव्हता तो वाराही बंद. जाळीवरचे हार काढायला लागलो तर बायका म्हणाल्या, नवरीच्या गाडीचे हार काढतात का? निम्मे काढले, निम्मे राहिले.
नवरा-नवरी सीटमागं, दुमडलेल्या छताच्या कडेवर उंच बसलेले, मी स्टिअरिंगला. वेशीतून आत आलो आणि पहिला झटका. मग दुसरा. अजून पंधरा पावलं गेलो असतो तर गाडी आपली आपणच मेली असती. मीच किल्ली फिरवली.
बँजो थांबला. मागून कुणीतरी "अपशकुन" म्हणालंच. बापू आले, चेहरा पडलेला. "काय झालं वो?"
वरून अश्विनी म्हणाली, "बापू, गाडी बंद पडली न्हाई. काकांनी बंद केलीय. तापलीय ती."
बापूंनी फेटा सारखा केला. "धरा रं मागनं. यात्रंत रथ वडतोय न्हवं आपण? त्याला कुठं इंजान असतंय?"
आणि धरली. दहा-बारा माणसं, बँजोच्या तालावर, मारुतीपर्यंत आणि तिथून घरापर्यंत. नंतर तर पाळीसाठी भांडत होते. मला रडू आलं, समोर बघत राहिलो. दादा असता तर रंगाला हात लावला म्हणून सगळ्यांना शिव्या घातल्या असत्या. फार आठवण आली त्याची.
ठरल्याप्रमाणे गाडी तिथंच ठेवली. किल्ली अश्विनीच्या हातात. वऱ्हाडाच्या जीपमधून परत.

२६ फेब्रु., गुरुवार
शेड झाडली. तेलाचे डाग घासले, निघाले नाहीत. आता झोप लागायला हवी, लागत नाही. वहिनी रोजच्यासारख्या दुपारी शेडपाशी आल्या, जरा थांबल्या, गेल्या.

१ मार्च, रविवार
अश्विनीचा फोन. "काका, गाडी न्यायला या."
"का? सुरू होत नाही?"
"होती की. काल दोघं फिरून आलो. चांगली पळती."
"मग?"
"ही इथं राहिली की तिथं पप्पांचं काहीच उरत नाही. मी माहेरी आल्यावर कुणाकडं बघू?"
म्हटलं, माझ्यानं आता होत नाही गं. खाली वाकलो की उठता येत नाही. हे तिला पहिल्यांदाच सांगितलं.
"माहीत आहे," म्हणाली.
वहिनींना सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दोघांचा डबा करते. मी बी येते."
मी अजून हो म्हटलेलं नाही.