दुसरी प्रत: झरी वगळून

सोमवार, ३ नोव्हेंबर
आजपासून नोंदी. कारण भावनिक नाही. निर्णय कसा झाला ते लेखी असावं म्हणून.
विषय: बाबांची रेकॉर्डिंग्ज. झरीच्या शाळेत बावीस वर्षं शिकवताना त्यांनी पाड्यापाड्यावर फिरून लग्नातली गाणी टिपली. एकूण ९०० जीबी. सगळी मी बांधलेल्या होम सर्व्हरवर, माझ्या खोलीत, कपाटावर. रूपीआजी धवलेरी होती, म्हणजे गाऊन लग्न लावणारी. ती मागच्या वर्षी गेली. तिचं पूर्ण गाणं फक्त इथे आहे. चोरी झाली, आग लागली, तर संपलं.
म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या जागी. ऑफसाइट. आणि स्वस्तात. शुक्रवारपर्यंत निर्णय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
क्लाउड बाद. बिल डॉलरमध्ये, डेटा परत मागवला तर त्याचं वेगळं. आमच्या लाइनचा अपलोड प्रत्यक्षात ५ एमबीपीएस. ९०० जीबीला १६.७ दिवस, वीज एकदाही गेली नाही तर. डहाणूत असं गृहीत धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.
उरला एकच मार्ग: ओळखीच्या घरी डिस्क. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, निलमकडे ठेव.
निलम ही बाबांची झरीची विद्यार्थिनी. आता त्याच शाळेत शिक्षिका. रोज संध्याकाळी दोघं फोनवर बोलतात. सरासरी बावीस मिनिटं. मुद्दाम मोजली नाहीत. माझ्याशी चार, त्यातली तीन वायफायबद्दल.
मी म्हटलं, सगळे पर्याय निकषांवर तपासू.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
तक्ता केला. किंमत ३०, अंतर २०, वीज २०, विश्वास ३०.
झरी, निलम: ८१. चिखले, शैलेशमामा: ६४.
तक्त्यात चूक असणार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
चूक सापडली. ‘तांत्रिक पात्रता’ हा निकषच नव्हता. तो घातला. मामाने आयटीआय केलंय, वायरमन, १९९१. शिवाय ‘आर्द्रता नियंत्रण’. निलमकडे ते असणं शक्य नाही. विचारलेलं नाही.
चिखले ७७, झरी ५८.
आई म्हणाली, चिखल्याला मामाच्या दारात समुद्र आहे. आईला वेटेज कळत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
पूर्ण प्रत भरून डिस्क चिखल्याला नेली, मामाच्या ओटीवर छोटा सर्व्हर बसवला. एकतर्फी कॉपी कोणीही करतं. मी दुतर्फी सिंक ठेवलं: तिथे बदललं की इथे, इथे बदललं की तिथे. ‘खरंच डिलीट करायचं का?’ हा प्रश्न बंद केला. तो प्रशिक्षण नसलेल्यांसाठी असतो. जुन्या आवृत्त्या साठवणंही तात्पुरतं बंद. जागा वाचते.
मामाला बजावलं, हा प्लग काढायचा नाही. मामा म्हणाला, अगं, मी वायरमन आहे.
घरी आले तर बाबा निलमने पाठवलेल्या वालाच्या शेंगा सोलत बसलेले. मी जेवले नाही. भूक नव्हती. वाल मला आवडतात, हा वेगळा मुद्दा.

बुधवार, १२ नोव्हेंबर
आईने विचारलं, त्या पोरीचं तुला नेमकं काय खुपतं. मी म्हटलं, काही नाही, ही रिस्क मॅनेजमेंट आहे.
एक आकडा मात्र नोंदवते. मी लहान होते तेव्हा एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून बाबा झरीलाच खोली घेऊन राहायचे. सोमवारी पहाटे जायचे, शनिवारी दुपारी यायचे. म्हणजे आठवड्याचे साडेपाच दिवस तिकडे, दीड इकडे. त्या दीड दिवसात ते वह्या तपासायचे. तिकडच्या.
७८.६ टक्के.
ही तक्रार नाही. आकडा आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
सकाळी ७.१०. सर्व्हरवर ० जीबी.
दुपारी १.३०. कारण समजलं. मामाने फवारणीच्या पंपाची बॅटरी चार्ज करायला प्लग ओढला, मग परत लावला. तिथली डिस्क गेली, आता नुसती टकटक करते. तिच्या जागी रिकामं फोल्डर उघडलं. सिंकने ते रिकामं खरं मानलं आणि इथलं सगळं पुसलं. विचारलं नाही. विचारायला मीच मनाई केली होती.
बाबांना सांगितलेलं नाही. अपुऱ्या माहितीवर सांगणं अशास्त्रीय.

गुरुवार, २० नोव्हेंबर
रिकव्हरी सॉफ्टवेअर दोन दिवस चालवलं. हाती आली एक फाइल, ४१ सेकंदांची. बाबांचा खोकला.
चहाच्या वेळी बाबा म्हणाले, रूपीआजीच्या नातीचं, सोमीचं, तीस तारखेला लग्न. आजीचा आवाज मांडवात लावायचाय, काढून ठेव.
मी म्हटलं, इंडेक्सिंग चालू आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर
इंडेक्सिंग चालू आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर
सांगितलं. सिंक, प्लग, सगळं. बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. काच स्वच्छ होती.
मग म्हणाले, “अगं पूर्वी, गाणं नुसतं उचलून आणायचं नसतं. एक प्रत त्यांच्या घरी ठेवून यायची. भांडं रिकामं परत करत नाही ना आपण, तसंच.”
बावीस वर्षं ते प्रत्येक गाणारीच्या घरी प्रत देत आलेत. आधी कॅसेट, मग सीडी, मग मेमरी कार्ड. निलमने घरोघर जाऊन ती सगळी गोळा करून एका डिस्कवर उतरवली आहेत.
मला हे माहीत नव्हतं. मी झरीला कधी गेलेच नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
गेले. बाबा स्कूटरवर मागे.
निलमची डिस्क पत्र्याच्या डब्यात, तांदळात पुरलेली. मीटर नेलं होतं. डब्यातली आर्द्रता ३८ टक्के. माझ्या कपाटावर ७४.
तिची मांडणी गाणारीच्या नावाने, पाड्याने, कुणाच्या लग्नात गायलं त्याने. माझी फाइलच्या आकाराने होती.
रूपीआजी आहे. पूर्ण.
बाबा पाड्यावर कुणाला तरी भेटायला गेले. आम्ही दोघीच. मी नेमकं काय बोलावं ते ठरवत होते, तेवढ्यात ती चहा ओतता ओतता म्हणाली, “पूर्वीताई, लहानपणी आम्हाला तुमचा लय राग यायचा. गुरुजी तुमच्या वह्या आणून दाखवायचे. हे अक्षर बघा, हे गणित बघा. सोमवार ते शनिवार तुम्हीच.”
मी म्हटलं, अक्षर ठीकच होतं.
चौथीत माझ्या दोन वह्या हरवल्या होत्या. आठवडाभर शोधल्या होत्या.

रविवार, ३० नोव्हेंबर
लग्न. स्पीकर मी लावला, प्लगपाशी मीच उभी राहिले. रूपीआजीचा आवाज आला तशी सोमी खाली बघत राहिली. नवी धवलेरी नवशी नावाची, तिने चार ओळी ऐकल्या आणि म्हणाली, आता बंद करा, पुढचं मला येतं.
तिला येत होतं.

सोमवार, १ डिसेंबर
तक्ता दुरुस्त केला. ‘तांत्रिक पात्रता’ काढून टाकली.
मूळ प्रत: झरी, तांदळाचा डबा.
ऑफसाइट प्रत: डहाणू रोड, माझी खोली.
निलमने कसलेही निकष लावले नाहीत. प्रतीची डिस्क देताना फक्त विचारलं, ताई, पुसायच्या आधी मशीन विचारतं ना?
विचारतं, असं सांगितलं.
घरी येऊन तो प्रश्न चालू केला.